हॉल पगाराचा, बेडरूम ओटीची

मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरात मेथी निवडत बसलेल्या पुरुषाकडे बघून लोकांच्या मनात दोनच शंका येतात. एक तर याची नोकरी गेली, नाहीतर याला काहीतरी मोठं दुखणं आहे. पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून अगदी हळू आवाजात "सगळं ठीक ना?" असं विचारलं होतं. "हो, मीच सोडली," म्हटल्यावर त्यांचा चेहरा आणखी पडला. नोकरी गेलेल्याला चार शब्द धीराचे देता येतात. स्वतःहून सोडणाऱ्याला काय द्यायचं, याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

मी अकाउंट्सवाला. लोअर परळच्या एका कंपनीत अकरा वर्षं होतो. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान आणि आवारात शोभेला राखून ठेवलेली जुन्या गिरणीची चिमणी. डोंबिवलीहून निघायचं, फास्टनं दादर, तिथून स्लो पकडून करी रोड आणि मग चालत. घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत पावणेदोन तास, जाऊन-येऊन साडेतीन. गाडीतल्या आमच्या ग्रुपमध्ये याला कुणी वेळ म्हणतच नसे. तो 'प्रवास' होता. जेवण, झोप, तसा प्रवास.

एकदा महिनाअखेरीच्या रविवारी ऑफिसात एकटा बसलो होतो. समोरचा रिपोर्ट उघडायला वेळ लागत होता, म्हणून एका रद्द चलनाच्या पाठीमागे सहज आकडे मांडले. हातात पगार ९६,०००. कागदोपत्री महिन्याचे २२ दिवस, रोज आठ तास, म्हणजे ताशी ५४५ रुपये. वाईट नाही. मग खरे तास घेतले. ऑफिसात साडेनऊ आणि प्रवासाचे साडेतीन, म्हणजे रोजचे तेरा. महिन्याचे २८६. ताशी ३३६ वर आलो. मग फर्स्टचा पास, रिक्षा, बाहेरचा चहा-नाश्ता, ऑफिसचे कपडे आणि मानेच्या दुखण्याचा डॉक्टर मिळून नऊ हजार वजा केले. ताशी ३०४. आयुष्यभर दुसऱ्यांची नफ्याची पत्रकं तपासली, आणि स्वतःच्या मालाचा उत्पादनखर्च असा कधी काढलाच नव्हता.

ते चलन मी खिशात घालून घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी ते शर्टाबरोबर धुतलं गेलं. आकडे मात्र गेले नाहीत, घरी पुन्हा मांडले. वर्षाचे २६० दिवस धरले तर प्रवासाचे ९१० तास. लॉकडाऊनआधीच्या नऊ वर्षांत ८,१९०, म्हणजे दिवसरात्र मिळून ३४१ दिवस. जवळजवळ एक अख्खं वर्ष मी कुर्ला-घाटकोपर-ठाणे यांच्यामध्ये लोंबकळत काढलं होतं.

मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाली, आणि सगळ्यांचं झालं तेच माझं झालं. साडेतीन तास एकदम अंगावर आले. पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना गाडीत घ्यायला लागले, ऑफिसचा मेल आला, आणि मी पुन्हा पास काढला. पहिल्याच दिवशी दिव्याला गाडी थांबली, मागून एक कोपर बरगडीत बसलं, आणि मला कळलं की हे आपल्याला आता जमायचं नाही. तरी सात महिने काढले. अकाउंट्सवाला ३१ मार्चच्या आधी नोकरी सोडत नाही, ती आमच्यात जवळजवळ अब्रूची गोष्ट असते. एप्रिल २०२२पासून मी घरून कामं घेतो. लहान दुकानदार, दोन दवाखाने, एक फर्निचरवाला. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्याच्या आधीचे चार-पाच दिवस मान वर काढता येत नाही. एरवी आठवड्याचे चार दिवस काम. मंगळवार माझा. उत्पन्न पूर्वीच्या निम्म्याला जरा वर.

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, वा, जिंकलात. सकाळच्या मोबाइल-फॉरवर्डमध्ये अशा गोष्टी असतात: एक कोळी असतो, एक उद्योगपती असतो, आणि शेवटी उद्योगपती खजील होतो. माझं तसं काही झालं नाही. पहिले सहा महिने वाचलेल्या वेळातला बराचसा वेळ फोननं खाल्ला. रोज साडेतीन तास हातात आले आणि त्यातले दोन मी दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघण्यात घालवले. गाडीत निदान उभं राहायची कसरत तरी होत होती.

मुलीचं वेगळंच. ती पाचवीत असताना मी येईपर्यंत जागी राहायचा हट्ट धरायची. साडेआठला मी चप्पल काढत असायचो आणि ती सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली असायची, हातात दाखवायचं चित्र. त्या दिवसांसाठी मी वेळ मिळवला आणि घरी घेऊन आलो तेव्हा ती अकरावीत होती. कॉलेज, क्लास, मैत्रिणी. एका संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "फिरायला जाऊ या का खाडीवर?" तिनं फोनमधून वर न बघता, पण अगदी प्रेमानं सांगितलं, "बाबा, शुक्रवारी चालेल का? साडेपाच ते सहा." आमच्या वह्यांमध्ये पान संपलं की तळाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' असं लिहून पुढे ओढतात. वेळेच्या वहीत ती सोय नाही. तरी शुक्रवारी साडेपाचला गेलो. खाडीला ओहोटी होती आणि वास येत होता, पण गेलो.

*

आमचं घर डोंबिवलीतलं जुनं, अण्णांनी घेतलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कारखान्यात ते मशीनवर होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची. अण्णा तिथे लागले तेव्हा कारखान्यात नोकरी म्हणजे सोन्याहून पिवळं. कारखाने कायद्यानं १९४८पासून आठवड्याचे ४८ तास ठरवून दिलेले, त्यावर काम करून घेतलं तर मजुरी दुप्पट. ही दुप्पट म्हणजे आमच्या घरातला लक्ष्मीचा हात. 'ओटी' म्हणजे ओव्हरटाइम, पण हा शब्द मी मराठीच समजत होतो. खणानारळाची ओटी आणि अण्णांची ओटी यांचा काहीतरी संबंध असणार अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. दोन्हींत घरात काहीतरी भरलं जायचं.

शनिवारी रात्री अण्णा येऊन म्हणायचे, "उद्या ओटी लागली." आई लगेच मनात मांडणी करायची. आम्ही भावंडं खट्टू व्हायचो, कारण उद्या कुठे जाणं नाही. पण रविवारी संध्याकाळी जिलबी यायची, त्यामुळे फार वेळ खट्टू राहता येत नसे.

अण्णा आजही नातेवाइकांना घर दाखवताना सांगतात, "हा हॉल आणि किचन पगाराचं. बेडरूम ओटीची." खरंच तसं आहे. पगारावर जेवढं कर्ज बसत होतं त्यात वन रूम किचनच येत होतं. वरचे पैसे त्यांनी रविवार विकून उभे केले. माझी शाळेची कितीतरी गॅदरिंग्ज त्यांनी बघितली नाहीत. एकदा मी चौथीत शेतकरी झालो होतो, खांद्यावर नांगर वगैरे, तेही नाही. पण कुठल्या वर्षी दिवाळीआधी किती तास ओटी झाली ते त्यांना अजून पाठ आहे.

नोकरी सोडल्यावर सुरुवातीच्या जोमात मी त्यांना एकदा चार गोष्टी ऐकवल्या. तास, ताशी दर, प्रवासाचे ३४१ दिवस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तू हे सगळं कुठे बसून काढलंस?"

मी म्हटलं, "कुठे म्हणजे? टेबलावर. बेडरूममध्ये."

ते काही बोलले नाहीत. पेपर उघडला.

त्यानंतर मी हा हिशेब कुणालाही फुशारकीनं सांगितलेला नाही. आमच्या धंद्यात द्विनोंदी असते. एका खात्यावर जमा झालं की कुठल्यातरी दुसऱ्या खात्यावर नावे पडलेलं असतंच, दिसत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नाही. माझा मंगळवार माझ्या खात्यावर जमा आहे. नावे कुणाच्या पडला ते बघायला गेलो तर पहिलं नाव अण्णांचं निघतं. माझ्यावर घराचा हप्ता नाही, म्हणून मी निम्म्या पैशात जगू शकतो. दुसरं नाव बायकोचं. तिची नोकरी चालू आहे, आमच्या सगळ्यांचा आरोग्यविमा तिच्या ऑफिसकडून आहे, आणि सकाळची गाडी ती अजून पकडते. महिलांच्या डब्यातली कोपरं पुरुषांच्या डब्यापेक्षा मऊ असतात असं तिचं म्हणणं नाही. हप्ता चालू असलेल्या माणसाला 'पैशापेक्षा वेळ मोठा' हे ऐकवणारे लोक मला आता थोडे असभ्य वाटतात. मी स्वतः सहा महिने त्यांतला होतो.

मधल्या काळात बड्या उद्योगपतींनी तरुणांना सल्ले दिले. एकांनी आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, दुसरे ९०वर गेले. टीव्हीवर चर्चा चालली होती. अण्णा चष्मा सरसावून ऐकत होते. "सत्तर?" ते म्हणाले. "म्हणजे बावीस तास ओटी. डबलनं देणार आहेत का ते?" अँकरला हा प्रश्न शेवटपर्यंत सुचला नाही.

*

तिसरं नाव मला मंगळवारी घरी राहिल्यामुळे कळलं. आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशी. इतकी वर्षं त्या मला रविवारच्या पाहुण्यासारख्या दिसायच्या: मी पेपर वाचतोय, पाय वर घ्या, लादी पुसून झाली, गेल्या. आता कळलं की त्या दिव्याहून येतात, आमचं चौथं घर, आमच्यानंतर अजून दोन, आणि दुपारचा डबा त्या साडेतीनला आमच्या जिन्याच्या वळणावर उभ्यानं खातात. सव्वा तास रोज, महिन्याचे २,५०० रुपये. सवय वाईट, भागाकार झालाच. ताशी ६७.

मी जरा ओशाळून म्हटलं, "मावशी, तुम्ही दर रविवारी सुट्टी घेत जा. पैसे कापणार नाही."

त्या फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "सुट्टी नको दादा. त्याचे पैसे वाढवून द्या."

मी वेळेचं महत्त्व सांगायला तोंड उघडणार एवढ्यात बायको आतून ओरडली, "सुट्टी पण दे आणि पैसे पण वाढव. हिशेब कसला घालत बसलायस?" तसं ठरलं. दोन महिन्यांनी कळलं, मावशी रविवारी सकाळी एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जातात. मी दिलेली सुट्टी त्यांनी बाजारभावानं विकून टाकली होती. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? मी काय करत होतो?"

त्या सुमारास मी लोखंड्यांबद्दल पुन्हा वाचत होतो. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे. आपल्याला रविवार मिळाला तो त्यांच्या खटपटीनं. त्याआधी मुंबईच्या गिरण्या सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नाहीच. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकाही उठून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. महालक्ष्मी म्हणजे लोअर परळच्या पुढचं स्टेशन. जिथे मी महिनाअखेरीचे रविवार विनामूल्य देऊन टाकत होतो तिथून चालत अर्धा तास. चिमणीजवळून रोज गेलो, कधी आठवलं नाही.

मला त्यात एक गोष्ट नव्यानं दिसली. गिरणीच बंद, मग त्या दिवशी दुसऱ्यानं तुमच्या यंत्रमागावर उभं राहून तुमची जागा घ्यायचा प्रश्नच नाही. सगळ्यांना एकदम मिळाला म्हणून तो रविवार टिकला. मी मावशींना एकटीला दिलेला रविवार टिकायला आधार कशाचा होता? आणि माझा मंगळवार तरी काय? मित्र सगळे गाडीत. फोन लावला तर मागे 'अगला स्टेशन' ऐकू येतं. अकरा ते पाच या घरात मी, अण्णा आणि कुकर. माझ्या एकट्याच्या सुट्टीला सुट्टीचा आवाजच नाही. रविवारी सकाळी बिल्डिंगमध्ये जो एक सैलसर गोंगाट असतो, चार घरांतून एकाच वेळी मटणाचा वास, कुणाचं तरी ड्रिल मशीन, तो पैशानंही मिळत नाही आणि पैसे सोडूनही मिळत नाही.

घड्याळाशी मुंबईच्या कामगारांचं भांडण तर त्याहून जुनं आणि मजेशीर. शहराची स्वतःची 'मुंबई वेळ' होती. १९०६ उजाडताच सगळ्या देशाची एकच प्रमाणवेळ आली आणि ती मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे निघाली. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे त्याच आकड्याला वाजणार, म्हणजे माणसानं ३९ मिनिटं आधी अंधारात उठायचं. कामगार चिडले. महापालिकेनंही पुढे कित्येक वर्षं जुनीच वेळ धरून ठेवली. अण्णांना मी हे सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "मिनिटांवरूनच भांडणं होतात," ते म्हणाले. "तासावरून कोण भांडतो?"

अण्णांच्या मनगटावर अजून एचएमटी आहे, चावीचं. गेटवर कार्ड पंच करायला दोन मिनिटं उशीर झाला की अर्ध्या तासाचा पगार कापायचे, म्हणून ते घड्याळ त्यांनी पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं पुढे ठेवलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, घड्याळ अजून दहा मिनिटं पुढेच आहे. आता त्यांची बोटं थरथरतात, ती बारीक चावी धरवत नाही. सकाळी चहा झाला की ते न बोलता हात पुढे करतात आणि मी पट्टा सोडवून चावी देतो. पंचवीस-तीस वळसे. शेवटी चावी जड होते आणि थांबते, तिथे जोर करायचा नाही. हे माझ्या दिवसातलं एकमेव काम, ज्याची घाई करता येत नाही आणि ज्याचं बिल कुणाला लावता येत नाही. नोकरीत असतो तर बायकोनं किंवा मुलीनं दिली असती चावी, हेही खरंच.

*

गेल्या महिन्यात मावशींनी विचारलं, "दादा, तुमचा मंगळवार मोकळा असतो ना?" त्यांच्या बचत गटाची वही त्यांच्याकडे असते. महिन्याच्या जमेत ५४ रुपयांचा फरक येत होता आणि वस्तीत कुजबूज सुरू झाली होती. ५४ रुपये स्वतःच्या पदरचे भरायला त्या तयार होत्या. "पण मग मी घेतले असंच होईल ना."

मंगळवारी दुपारी त्या डबा घेऊनच आल्या. टेबलाशी बसून खाल्ला. मी वही उघडली. लाल रेघांची, तेलाचा एक डाग, अक्षर त्यांच्या सातवीतल्या मुलीचं. मी म्हटलं, फरकाला आधी नऊनं भागून बघायचं. भाग गेला तर बहुतेक वेळा आकडे उलटे पडलेले असतात. नऊ सक चोपन्न. गेला. मग बेरीज सोडून दिली आणि दोन्ही वह्यांतल्या रकमा एकेक करून बोटानं जुळवत गेलो. मावशी रोजच्या वहीतून वाचत होत्या, मी खात्यांवर खूण करत होतो, अण्णा आतून येऊन खुर्ची ओढून बसले होते. चौथ्या पानावर एका बाईच्या हप्त्याचे १६० खात्यात १०६ झाले होते.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग हसायला लागल्या. मी आकडा खोडून वर नीट लिहिला, शेजारी सही करायला सांगितली. चहा ठेवला. मावशींनी विचारलं, "आजोबा, किती झाले? पाचला मला तिसऱ्या मजल्यावर जायचंय."

अण्णांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "पाच वाजले."

त्या पिशवी उचलून उठल्या.

"बसा हो," अण्णा म्हणाले, "हे दहा मिनिटं पुढे आहे."